सायलेन्सर बसवताना हात न पोचणारे नट: आवळायचे कसे आणि कुठल्या क्रमाने

घरी सायलेन्सर काढून बसवायला घेतला की नवीन माणूस अडकतो ते हेडपाशीच, म्हणजे इंजिनाला सायलेन्सरचा पाईप जिथे जोडतात तिथे. मागचा बोल्ट समोर दिसतो, पाना सरळ बसतो, दोन मिनिटांत काम होतं. पण बेंड पाईपची कॉलर हेडला धरून ठेवणारे जे दोन नट इंजिनाच्या तोंडाशी असतात, तिथे एका बाजूला फिन्स (इंजिनावरच्या पातळ पट्ट्या), दुसऱ्या बाजूला चेसीचा पाईप, समोर लेगगार्ड, आणि जागा एवढीच की बोटाची दोन पेरं कशीबशी आत जातात. पाना लावला तर पाव फेरासुद्धा होत नाही, लगेच कशाला तरी अडतो. मग माणूस वैतागतो आणि हाताला येईल त्या पान्याने वाकडा जोर लावतो, आणि तिथेच नटाचे कोपरे गोल होतात नाहीतर स्टड (हेडमध्ये रुतलेली आट्यांची दांडी, जिच्यावर नट बसतो) तुटतो.

माझ्या हातून स्टड तुटलाय म्हणून सांगतोय. स्प्लेंडर होती, सायलेन्सर नवीन, आणि मी काय केलं तर सोपा म्हणून मागचा बोल्ट आधी गच्च आवळून टाकला. त्यामुळे पाईप एका बाजूला ओढला गेला, पुढे कॉलर तिरकी बसली, एक नट सुरुवातीपासूनच जड फिरत होता आणि मला वाटलं गंज असेल, अजून थोडा जोर लावू. कट्ट झालं आणि नट स्टडच्या तुकड्यासकट पान्यात आला. नंतर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यायचं, उरलेला स्टड ड्रिल करून काढायचा, नवीन आटे बसवायचे, आठवडाभर गाडी बंद. सायलेन्सरच्या कामासाठी हेड उतरवायला लागलं याचं फार वाईट वाटलं होतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: या कामात खरा जोर फक्त शेवटच्या पाव-अर्ध्या फेऱ्याला लागतो. त्याच्या आधीचा प्रत्येक फेरा बोटाने किंवा अगदी हलक्या हाताने व्हायला पाहिजे, आणि होत नसेल तर काहीतरी तिरकं आहे, थांबायचं.

आधी तुमची गाडी कशी आहे ते बघा

गाडीगणिक अडचण वेगळी. स्प्लेंडरसारख्या गाड्यांचं ९७.२ सीसीचं इंजिन जवळजवळ आडवं झोपलेलं असतं, त्यामुळे एक्झॉस्टचं तोंड खाली जमिनीकडे येतं आणि नटांपर्यंत खालून, झोपूनच पोचावं लागतं. इंजिन उभं असलेल्या गाड्यांना तोंड पुढे असतं, पण बरोबर त्याच्यासमोर चेसीचा पाईप खाली उतरतो आणि एक नट त्याच्यामागे लपतो. एनएस २००, ड्यूक ३९० यांना पुढे रेडिएटर आहे, तिथे जागा आणखी कमी. इंटरसेप्टर ६५० ला दोन सिलेंडर, दोन बेंड पाईप आणि पुढे ऑइल कूलर, म्हणजे नटही दुप्पट आणि आतल्या बाजूच्या नटांना वाट सगळ्यात अरुंद. जुन्या जावा-येझदीवाल्यांचं काम पूर्ण वेगळं, तिथे दोन नट नसतातच, सिलेंडरवर एक मोठी खाचांची गोल रिंग आटे घेत बसते आणि तिला हुकचा पाना लागतो, छिन्नी-हातोडीने ती रिंग ठोकून फिरवू नका, खाचा तुटतात.

नट कुठल्या मापाचा आहे ते आधी बघा. ६ एमएमचा स्टड असेल तर बहुतेक १० नंबरचा पाना लागतो, ८ एमएमचा असेल तर १२ किंवा १३. जपानी पद्धतीच्या गाड्यांना १२ सापडतो, बाकीच्यांना १३, आणि इथेच घोळ होतो, कारण १२ च्या नटावर १३ चा पाना अर्धवट पकड घेतो आणि न दिसणाऱ्या जागी आपल्याला ते कळत नाही. नट दिसत नसेल तर मोबाईलचा व्हिडिओ चालू करून टॉर्च लावून मोबाईल खालून आत धरा, एवढं स्पष्ट दिसतं की आरशाची गरजच नाही. मी तर प्रत्येक कामाच्या आधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवतो, नंतर कुठला वायसर कुठे होता ते आठवायला पण तोच उपयोगी पडतो.

हत्यारं

मोठा गोटी सेट (गोटी म्हणजे सॉकेट, नटावर टोपीसारखा बसणारा पाना) घ्यायची गरज नाही. लहान जागेला लहान हत्यार, म्हणजे पाव इंची किंवा फार तर तीन अष्टमांश इंची ड्राइव्हचा सेट. अर्ध्या इंचीच्या गोटीची भिंत जाड असते, ती फिन आणि नटाच्या मधे शिरतच नाही. गोटी सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी नटाच्या फक्त टोकांना धरते, गंजलेल्या नटावर ती घसरते. स्टड लांब बाहेर आला असेल तर खोल गोटी लागेल, नाहीतर स्टडचं टोक गोटीच्या तळाला टेकतं आणि नटावर पकडच बसत नाही.

त्याच्याबरोबर २५-३० सेंटीमीटरचा एक लांब एक्स्टेन्शन रॉड, एक आखूड रॉड, आणि एक यू जॉइंट (रॉडला वाकवणारा सांधा). यू जॉइंटपेक्षा वॉबल एक्स्टेन्शन मिळालं तर जास्त चांगलं, त्याचं टोक थोडं गोलसर असतं त्यामुळे गोटी साधारण १५ अंशांपर्यंत तिरकी होते, आणि बहुतेक गाड्यांना तेवढं पुरतं. १० आणि १२-१३ चे रिंग पाने, एक फिक्स पाना, वायरब्रश, तांब्याचं ग्रीस, जाम सोडवायचा स्प्रे, एक जुना फडका, इन्सुलेशन टेप. परवडत असेल तर रॅचेटवाला रिंग पाना (नटावरून न काढता मागे-पुढे हलवून फिरवता येणारा) घ्या, ७२ दात्यांचा असेल तर ५ अंश हलवला तरी पुढचा दाता पकडतो, आणि अडचणीच्या जागी याच्यासारखं सुख नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात नाना पेठेत ही सगळी हत्यारं सुटी मिळतात, अख्खा सेट घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.

जुना काढताना

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. फक्त हात भाजतो म्हणून नाही. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या साधारण दुप्पट फुगतं, आणि गरम हेडमधल्या स्टडवर जोर लावला तर हेडमधलेच आटे स्टडबरोबर ओढून यायची भीती असते. गाडी मेन स्टँडवर, सपाट जमिनीवर. लेगगार्ड मधे येत असेल तर सरळ काढून ठेवा, हॉर्न येत असेल तर तोही. ही पाच मिनिटं वाचवायला जाऊ नका, मी बघितलंय की लेगगार्ड न काढता काम करणाऱ्याचा अर्धा तास वाढतो आणि हाताची सालं निघतात ती वेगळीच. रेडिएटरवाल्या गाडीत रेडिएटरचे बोल्ट काढून तो नळ्यांसकट दोन-तीन बोटं पुढे घेता येतो, कूलंट काढायची गरज बऱ्याचदा पडत नाही, फक्त जाळीला पाना लागू नये म्हणून मधे पुठ्ठा सरकवा.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना पाईपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. पाईप उतरवण्याआधी त्याचा कनेक्टर सोडवा, नाहीतर पाईप खाली आला की वायरीवर लोंबकळतो आणि वायर आतून तुटते. सेन्सरच्या टोकाला ग्रीस किंवा स्प्रे अजिबात लागू द्यायचा नाही.

आदल्या रात्री नटांवर स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत एकदा. आमच्याकडे कोकणात, समुद्राच्या जवळ, खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांतच नट आणि स्टड एकजीव होतात, तिथे एका रात्रीने भागत नाही, दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मारत राहा, मधे गाडी नेहमीसारखी चालवा, तापून थंड होताना स्प्रे आट्यांत आणखी खोल ओढला जातो. फक्त ओल्या स्प्रेवर लगेच गाडी चालू करू नका, पुसून, वाळू देऊन मग.

सोडवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने, जेमतेम हलेल एवढंच, मग उलटा. गंजाचा जोड एकदा तुटला की पुढे पाव फेरा उलटा, थोडा सुलटा, परत उलटा, असं करत बाहेर आणायचा. सलग जोराने फिरवला तर गंजाची पूड आट्यांत अडकते आणि मधेच जाम होतो. कधीकधी नट न सुटता अख्खा स्टडच हेडमधून फिरून बाहेर येतो, घाबरू नका, ते तुटण्यापेक्षा कितीतरी बरं. नंतर नवीन स्टड बसवता येतो.

आणि हो, हे सगळं करताना पेट्रोलच्या टाकीखाली आपण काम करतोय हे विसरू नका. गॅसच्या बर्नरने नट तापवायचा सल्ला बरेचजण देतात, गॅरेजमध्ये टाकी उतरवून ते करतातही, घरी करू नका.

बसवण्याच्या आधीची साफसफाई

हे काम कंटाळवाणं आहे पण नट सहज आवळला जाणार की नाही ते इथेच ठरतं. स्टडचे आटे वायरब्रशने घासा, मग नवीन नट बोटाने शेवटपर्यंत फिरवून बघा, पाईप न लावता, नुसता. बोटाने पूर्ण खाली जातोय? मग पुढे चला. कुठे अडतोय? मग स्टडवर डाय (आटे पाडायचं हत्यार) मारून तो साफ करून घ्या किंवा स्टडच बदला. आता मोकळ्या जागेत जो नट बोटाने जात नाही तो पाईप लागल्यावर, न दिसता, लांब रॉडच्या टोकाने कसा जाईल?

स्टड बदलायचा असेल तर त्याच्यावर दोन नट एकमेकांवर गच्च आवळायचे आणि आतल्या नटाला पाना लावून उलटा फिरवायचा, स्टड बाहेर येतो.

पोर्टच्या (हेडमधल्या धूर बाहेर पडायच्या भोकाच्या) आत जुनं पॅकिंग अडकलेलं असतं, तांब्याची किंवा पत्र्यात गुंडाळलेली रिंग. ती काळी पडून पोर्टच्या भिंतीसारखीच दिसते आणि नवीन माणसाला वाटतं रिंग नव्हतीच. लहान स्क्रूड्रायव्हरने हळूच कडेने उचलून काढा, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडू देऊ नका. जुन्यावर नवीन रिंग बसवली तर कॉलर पूर्ण आत बसत नाही, नट लवकर टेकतो आणि आवळला गेल्यासारखा वाटतो पण गळती राहते. पॅकिंग प्रत्येक वेळी नवीनच टाका, ते एकदा दाबलं गेलं की दाबलं गेलं, दुसऱ्यांदा तसं बसत नाही, आणि किंमतही फार नसते.

नटांबद्दल एक सांगतो. आत नायलॉनची रिंग असलेले लॉक नट इथे चालत नाहीत, उष्णतेने नायलॉन वितळतं. पितळी नट मिळाले तर उत्तम, पितळ स्टीलच्या स्टडवर गंजून चिकटत नाही. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट कोरडा लावू नका, दोन्ही घासून एकमेकांत रुततात आणि मग कापल्याशिवाय निघत नाही. टोपीचे नट दिसायला छान असतात, पण स्टड लांब असेल तर टोपीचा तळ स्टडला टेकतो, पाना घट्ट लागतो आणि कॉलर मात्र सैलच राहते. स्टडचा बाहेर आलेला भाग मोजून मगच टोपी नट घ्या.

स्टडवर तांब्याचं ग्रीस लावा, अगदी पातळ, बोटाने पुसल्यासारखं. आट्यांचा रंग बदलला म्हणजे पुरे.

पाईप लटकवायचा, आवळायचा नाही

आता मुख्य काम. पॅकिंगच्या मागच्या बाजूला साध्या ग्रीसचे तीन-चार ठिपके लावा आणि पोर्टमध्ये बसवा, म्हणजे पाईप वर उचलताना ते खाली पडत नाही. ग्रीस नंतर जळून जातं, पहिल्यांदा थोडा धूर येतो, काही होत नाही. सिलिकॉनचा पेस्ट इथे लावू नका, हेडपाशी तो टिकत नाही.

पाईप वर घ्या, कॉलर स्टडवर सरकवा, आणि शक्य असेल तर मागे कुणीतरी सायलेन्सर उचलून धरा. एकटे असाल तर सायलेन्सरखाली विटा किंवा जुने टायर रचून बरोबर उंचीला टेकवा. पाईपचं वजन स्टडवर आलं की नट कधीच सरळ सुरू होत नाही, कारण कॉलर स्टडला एका बाजूने दाबत असते. माझा भाचा गेल्या महिन्यात त्याची गाडी घेऊन आला होता, तासभर झोपून घाम गाळत होता, "मामा, नट पकडतच नाहीये, आटे गेलेत बहुतेक". मी फक्त सायलेन्सरखाली एक वीट वाढवली आणि त्याला म्हटलं आता फिरव. बोटाने गेला.

दोन्ही नट आणि मागचा बोल्ट, आणि मधे क्लँप असेल तर तोही, सगळं फक्त बोटाने दोन-तीन आटे पकडेल एवढंच लावायचं. कुठलंही एक आधी आवळायचं नाही. पाईप हाताने हलवला तर खुळखुळला पाहिजे.

बोटं जात नाहीत तिथे नट सुरू कसा करायचा

इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून मला उपयोगी पडलेल्या युक्त्या सांगतो.

गोटीच्या आत कागदाचा किंवा मास्किंग टेपचा छोटा तुकडा ठेवून त्यावर नट दाबा, नट गोटीत घट्ट बसतो आणि उलटा धरला तरी पडत नाही. गोटीचं तोंड आणि नटाचं तोंड साधारण सपाट दिसलं पाहिजे, नट फार आत गेला तर स्टडपर्यंत पोचणार नाही. मग रॅचेट लावायचंच नाही, फक्त एक्स्टेन्शन रॉड बोटांत पेन्सिलीसारखा धरायचा आणि फिरवायचा. रॅचेट लावलं की हाताला काहीच कळत नाही, आटे वाकडे बसले तरी ते फिरत राहतं. रॉड बोटांत असेल तर अडल्याबरोबर समजतं.

पहिल्यांदा उलटा फिरवा. हो, सोडवायच्या दिशेने, हलका दाब देऊन. एका जागी बारीक "टक" होतं, नट किंचित खाली बसल्यासारखा वाटतो, ते म्हणजे नटाचा आटा स्टडच्या आट्याच्या तोंडाशी आला. तिथून सुलटा फिरवला की सरळच जातो. वाकडे आटे बसण्याचा प्रकार याने जवळजवळ बंद होतो.

यू जॉइंट वापरताना तो मधेच लुळा पडतो आणि गोटी खाली लोंबते, स्टडवर नेम बसत नाही. त्याच्याभोवती इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे मारा, मग तो वाकतो पण लोंबत नाही, ज्या कोनात ठेवाल तिथे राहतो.

गोटीसुद्धा शिरत नसेल तर पेट्रोलच्या नळीसारखी रबरी नळी घ्या, जिच्यात नटाचं टोक घट्ट बसेल अशी. नट तिच्या तोंडात खोचा, नळी वाकवत आत न्या आणि स्टडवर टेकवून बोटांनी पिळा. नळी वाकते, वळते, कुठल्याही कोपऱ्यातून जाते, आणि नट दोन-तीन आटे बसला की ओढून काढायची. फिन्सच्या मधल्या नटांना याच्यासारखा उपाय नाही.

चुंबकाची दांडीही लोक वापरतात, पण ती पितळी नटाला चालत नाही, आणि बऱ्याच स्टेनलेसच्या नटांनाही नाही. खाली फडका पसरून ठेवायला विसरू नका, नट पडला की तो जमिनीवर टणकन उडून कुठेतरी नाहीसा होतो किंवा इंजिनाच्या खाचेत बसतो.

आवळणं

आधी पुढचे दोन नट, मग मधला क्लँप असेल तर तो, आणि सगळ्यात शेवटी मागचा बोल्ट. हेच मी उलटं केलं होतं. पुढची कॉलर आधी सरळ बसली की पाईपची जागा ठरते, मग मागचं भोक त्याप्रमाणे जुळवून घ्यायचं. मागचं भोक ब्रॅकेटशी जुळत नसेल तर पुढे परत सैल करा, पाईप थोडा फिरवा. मधे अंतर राहत असेल तर योग्य जाडीचा वायसर घाला, पण बोल्टने पाईप ओढून जुळवू नका, असा ताणलेला पाईप चालताना थरथरत राहतो आणि काही महिन्यांनी ब्रॅकेटच्या वेल्डपाशी तडकतो.

दोन नट आळीपाळीने. एक अर्धा फेरा, दुसरा अर्धा फेरा, कॉलर टेकली की पाव-पाव फेरा. कॉलर आणि हेडमधली फट दोन्हीकडे सारखी राहिली पाहिजे. डोळ्याने दिसत नसेल तर हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा एका बाजूला सरकवून बघा, मग दुसऱ्या बाजूला, एकीकडे जातो आणि दुसरीकडे जात नाही म्हणजे तिरकं आहे, जिथे जात नाही तिथला नट सैल करून परत.

पाना फिरवायला जागा नसेल तर हे बघा: फिक्स पान्याचं तोंड दांड्याला सरळ नसतं, साधारण १५ अंश तिरकं असतं, मुद्दामच. एकदा फिरवायचा, काढायचा, उलटा करून परत लावायचा, की पुढचे कोपरे पकडतो, आणि ३० अंशांच्या जागेत सुद्धा नट फिरत राहतो. दरवेळी उलटा-सुलटा. वेळ लागतो पण होतं. बारा कोनी रिंग पानाही तेवढ्याच ३० अंशांत पुढची पकड घेतो, आणि चांगल्या नटावर तो फिक्सपेक्षा कमी घसरतो, म्हणून शेवटच्या आवळणीला रिंगच लावा, फिक्सने शेवटचा जोर देऊ नका. तिथे नट गोल झाला तर पुढच्या वेळी काढताना तुमचेच हाल.

लांब रॉड खालून किंवा समोरून सरळ रेषेत नेता आला तर सगळ्यात छान. रॅचेट मग बाहेर मोकळ्या जागेत येतं, हात भरपूर फिरतो. स्प्लेंडरला मी जमिनीवर गोणपाट टाकून, रॉड खालून वर नेतो. उभ्या इंजिनाला चेसीच्या पाईपच्या शेजारून रॉड सरळ मागे जातो का बघा, बऱ्याचदा फक्त हॉर्न काढला की वाट मिळते. रॉड कितीही लांब असो, सरळ असेल तर टॉर्क (नटाला मिळणारा फिरवायचा जोर) बदलत नाही, पण यू जॉइंट फार वाकवला तर जोर कधी कमी कधी जास्त पोचतो आणि गोटी नटावरून निसटायला बघते, त्यामुळे शेवटची आवळणी शक्यतो जेमतेम वाकवूनच.

किती आवळायचं

तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा तोच खरा. ढोबळ अंदाज म्हणून, ६ एमएमच्या स्टडला साधारण १० न्यूटन मीटर, ८ एमएमला २० च्या आसपास. ग्रीस लावलं असेल तर थोडं कमीच, कारण ग्रीसने घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोराला स्टड जास्त ताणला जातो. ऐकायला फार लहान आकडे आहेत आणि खरंच लहान आहेत, ६ एमएमचा स्टड हाताच्या जोरानेसुद्धा तुटतो.

टॉर्क रेंच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) नसेल तर बॅग मोजायचा डिजिटल काटा असतो ना हुकवाला, तो चालतो. रिंग पाना नटावर लावा, नटाच्या मध्यापासून १० सेंटीमीटरवर काट्याचा हुक अडकवा आणि पान्याला काटकोनात ओढा. १० किलो दिसले म्हणजे जवळजवळ १० न्यूटन मीटर. ८ एमएमच्या नटाला १५ सेंटीमीटरवर साधारण साडेतेरा किलो ओढलं की २० होतात. जागेत काटा मावत नसेल तर आधी एखादा तसाच नट टेबलाच्या वाइसमध्ये धरून असं ओढून बघा, चार-पाच वेळा, आपल्या हाताला तो जोर लक्षात राहतो. मी हे भाच्याला करायला लावलं आणि त्याला पहिल्यांदा कळलं की तो आजवर सगळं दुप्पट आवळत होता.

टॉर्क रेंचच्या पुढे कावळ्याच्या पायासारखं उघडं तोंड जोडत असाल, जे खूप अडचणीच्या नटाला लागतं, तर लक्षात ठेवा की ते रेंचच्या सरळ रेषेत पुढे जोडलं की दांडा लांब होतो आणि आकडा चुकतो. रेंच २५ सेंटीमीटरचा आणि ते तोंड ४ सेंटीमीटर पुढे असेल तर २० हवे असताना रेंच सुमारे १७ वर लावायचा. तेच तोंड काटकोनात जोडलं तर आकडा आहे तोच ठेवायचा, म्हणून जमेल तिथे काटकोनातच जोडा.

चालू करून बघणं

आधी पाईप पुसा. क्रोमवर बोटांचे तेलकट ठसे राहिले आणि गाडी तापली की ते तपकिरी डाग होऊन कायमचे बसतात. थिनरने पुसा, आणि तो पूर्ण उडून गेल्यावरच किक मारा. सेन्सरचा कनेक्टर लावला का ते बघा.

गाडी मोकळ्या जागेत चालू करा, बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या खोलीत अजिबात नाही, एक्झॉस्टचा धूर जीव घेतो. पाईप अजून थंड असतानाच, पहिल्या अर्ध्या मिनिटात, जोडापासून चार बोटं लांब हात धरून फुसफुस लागते का बघा. साबणाचं पाणी ब्रशने लावलं तर बुडबुडे येतात, ते आणखी खात्रीचं. तापल्यावर हात जवळ न्यायचा नाही. नंतर चालवताना अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज येत असेल किंवा दोन दिवसांनी जोडापाशी काळी काजळी दिसली तर तिथून हवा आत-बाहेर होतेय.

गाडी एकदा चांगली तापवून आणा, मग पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर ठेवलीत तर उत्तम, आणि दोन्ही नट परत एकदा त्याच जोराला बघा. नवीन पॅकिंग पहिल्या तापण्यात दबतं आणि नट जवळजवळ नेहमीच थोडा फिरतो. इथे बरेचजण चुकतात, नट सैल राहतो, पॅकिंग जळतं आणि मग वाटतं पॅकिंगच खराब मिळालं. त्यानंतर १०० एक किलोमीटरने अजून एकदा.

काढलेला लेगगार्ड आणि हॉर्न परत लावण्याआधीच हे दुसरं आवळणं उरका, म्हणजे परत उघडायला लागणार नाही, मी दोन दिवस लेगगार्ड घरात ठेवून फक्त गल्लीत गाडी फिरवतो. आणि समुद्राकाठच्या लोकांनी दर पावसाळ्याच्या आधी नट एकेक करून, एका वेळी एकच, सोडवून स्टडवर तांब्याचं ग्रीस परत लावून आवळून टाका. दोन्ही एकदम सोडले तर पाईप हलतो आणि पॅकिंग नवीन टाकावं लागतं.